बोनीची धिंड

हे चित्र आधी हातभर लांब धरून बघायचं. बाजूने दिसणारा एक चेहरा, डोक्यावर दोन टोकांची टोपी, खांद्यावर झुबकेदार फीत, छातीवर मानाचा तारा. युरोपातल्या शेंबड्या पोरानेही ओळखावा असा चेहरा आहे, नेपोलियन बोनापार्टचा. ऐटबाजही वाटतो.

मग ते डोळ्यांजवळ आणायचं. आता गाल हा गाल राहत नाही. तिथे उघडी प्रेतं दिसू लागतात, एकमेकांवर रचलेली, कुणाचा पाय मुडपलेला, कुणाची पाठ वाकलेली. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं प्रेतांचं. टोपी म्हणजे पंख मिटून बसलेला गरुड आहे आणि त्याने नखं डोक्यात रुतवली आहेत. कॉलर म्हणजे रक्ताचा प्रवाह. कोट म्हणजे जर्मनीचा नकाशा आणि त्यावर हरलेल्या लढायांच्या गावांची नावं. ताऱ्याच्या जागी कोळ्याचं जाळं, मधोमध कोळी. खांद्यावरची फीत म्हणून जी वाटली होती तो एक हात आहे, देवाचा, जाळं तोडायला पुढे आलेला.

बर्लिनच्या हेन्शेल बंधूंनी हे चित्र १८१३ सरता सरता काढलं. शीर्षक दिलं ‘१८१३ सालचा विजय’ आणि खाली लिहिलं की जर्मनांना १८१४ च्या नववर्षाची ही भेट. आपण दिवाळीला भेटकार्ड पाठवतो तसं लोकांनी प्रेतांचं तोंड एकमेकांना पाठवलं. प्रती हजारोंनी खपल्या आणि थोड्याच दिवसांत युरोपभर निरनिराळ्या भाषांत नकला निघाल्या. नकला करणाऱ्यांनी आपल्या सोयीने अर्थही बदलले. बर्लिनमध्ये टोपीवरचा गरुड प्रशियाचा होता, शत्रूला पकडून बसलेला. तोच पक्षी लंडनच्या प्रतीत फ्रान्सचा झाला, उत्तरेकडच्या गरुडांकडून मार खाऊन जायबंदी झालेला. रेषा तीच, फक्त खालचा मजकूर वेगळा.

यातली सगळ्यात खवचट गोष्ट चेहऱ्याची ठेवण. ती कुणा शत्रूच्या कल्पनेतून आलेली नाही. २७ ऑक्टोबर १८०६ ला नेपोलियन विजेता म्हणून बर्लिनमध्ये शिरला, त्या वर्षी तिथल्याच एका चित्रकाराने त्याची देखणी, आदराने काढलेली बाजूची छबी तयार केली होती. सात वर्षांनी तीच बाह्यरेषा उचलून आत प्रेतं भरली गेली.

सात वर्षं का थांबावं लागलं, हे समजायला न्यूरेंबर्गच्या एका पुस्तकविक्रेत्याची गोष्ट पुरते. योहान फिलिप पाल्म हे त्याचं नाव. १८०६ साली त्याच्याकडून एक निनावी पुस्तिका निघाली. जर्मनी कशी मानहानीच्या गर्तेत गेली आहे, असा तिचा सूर. पाल्मने लेखकाचं नाव सांगायला नकार दिला. फ्रेंच लष्करी न्यायालयापुढे त्याला उभं करण्यात आलं आणि २६ ऑगस्टला ब्राउनाउ गावी त्याला गोळ्या घातल्या. पुस्तिकेला ही शिक्षा, तर चित्राला काय झाली असती? जर्मन चित्रकारांनी पेन्सिली खाली ठेवल्या त्या लाइपझिगची लढाई होईपर्यंत.

लाइपझिगला १६ ते १९ ऑक्टोबर १८१३ असे चार दिवस पाच लाखांच्या आसपास सैनिक एकमेकांवर तुटून पडले आणि नेपोलियन ऱ्हाइनपलीकडे मागे हटला. मग जणू धरण फुटलं. ज्या न्यूरेंबर्गमधून पाल्मला उचलून नेलं होतं, त्याच शहरात फ्रिडरिश कांपे या प्रकाशकासाठी काम करणारा योहान मिखाएल फोल्ट्झ नेपोलियनवर एकामागून एक चित्रं काढू लागला. त्याच्या नावावर सांगितलं जाणारं एक चित्र जिन्याचं आहे. जुन्या जर्मन घरांतून माणसाच्या वयाच्या पायऱ्या दाखवणारी चित्रं लावलेली असत. पाळण्यापासून चढत पन्नाशीला माथा, मग उतरत थडग्यापर्यंत. फोल्ट्झने त्याच जिन्यावर नेपोलियनला चढवलं. कॉर्सिकातला पोरगा, लष्करी शाळेतला विद्यार्थी, सैनिकी अधिकारी असं करत वर सिंहासनावर बादशहा. मग उतरण: स्पेनमधून पाय काढणं, मॉस्कोहून बर्फावरच्या घसरगाडीतून पळणं, जर्मनीला रामराम. जिन्याच्या खाली नरक, तिथे सैतान वाट बघतोय.

या सगळ्या चित्रांमागचा हेतू काय होता? चालू लढाईत शत्रूचं व्यंगचित्र काढलं तर ते आपल्या माणसांचा धीर बांधतं, एवढं सरळ आहे. पण शत्रू हरला, त्याची फौज मोडली, तरी चित्रं थांबत नाहीत, उलट पूर येतो. माझ्या मते त्याचं कारण भीती. वीस वर्षं जो जिंकत आला तो एका लढाईने हरला यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. रणांगणावर झालेला पराभव घराघरांतल्या मनांत पोचवायचा होता, आणि तो पोचवताना आपणही कधीकाळी त्याच्यापुढे मान तुकवली होती हे जमलं तर विसरायचंही होतं. ज्या जर्मन राजांना त्याने मुकुट दिले, त्यांच्याच राज्यांत ही चित्रं विकली जात होती.

लंडनची गोष्ट वेगळी. तिथे छापायला बंदी नव्हती आणि व्यंगचित्र हा नीट बसलेला धंदा होता. सेंट जेम्स स्ट्रीटवर २७ क्रमांकाच्या घरात हॅना हम्फ्री या बाईंचं दुकान होतं आणि त्याच घराच्या वरच्या मजल्यावर जेम्स गिलरे राहायचा, काढायचा, कोरायचा. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप, त्यावर सुईने उलटं चित्र, मग आम्लात बुडवून रेषा खोल करायच्या, शाई भरून कागद दाबायचा. छापलेल्या कागदांवर हातानेच रंग भरायचे. रंगीत चित्र दोन शिलिंगांच्या आसपास, म्हणजे मजुराची जवळजवळ दिवसाची कमाई. विकत घेणारे पैसेवालेच असणार. बाकीचे दुकानाच्या काचेपुढे गर्दी करून फुकट बघत. खिडकीच्या एकेका चौकटीत एकेक चित्र लावलेलं असे. त्यातला नेपोलियन काय करतोय हे वाचता न येणाऱ्यालाही कळायचं.

बुटका, चिडका, मोठ्या टोपीत आणि ढोपरापर्यंतच्या बुटांत बुडालेला ‘लिटल बोनी’ या गिलरेनेच घडवला. मे १८०३ च्या चित्रात तो टेबल-खुर्च्या लाथाडत आदळआपट करतोय, लाडावलेल्या पोरासारखा. महिनाभरात तोच इंग्लंडच्या राजाच्या तळहातावर उभा राहिला, राक्षसांच्या देशात गेलेल्या गलिव्हरएवढा, आणि राजा दुर्बिणीतून त्याला निरखतोय. आपल्या शाळेत ‘नेपोलियन बुटका होता’ म्हणून जे सांगितलं जातं, त्याचा बराचसा भाग या खिडकीतून आला आहे. मृत्यूनंतर ६ मे १८२१ ला शवविच्छेदनाच्या वेळी मोजलेली त्याची उंची फ्रेंच मापात पाच फूट दोन इंच आणि थोडी वर. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा. आजच्या हिशेबात ती १६८ सेंटिमीटरच्या घरात जाते, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच पुरुषाच्या मानाने बरी. शिवाय भोवती निवडलेले उंचेपुरे अंगरक्षक, आणि शिपायांनी लाडाने ठेवलेलं ‘छोटा कॉर्पोरल’ हे नाव. गिलरेने असत्याला सत्याचा एवढा एक धागा जोडला आणि दोनशे वर्षं तो तुटलेला नाही.

गिलरे निव्वळ देशप्रेमाने काढत होता असं मात्र समजू नये. १७९७ पासून त्याला पंतप्रधान पिट यांच्या सरकारकडून वर्षाला २०० पौंड मिळत. आणि नेपोलियनही काही कमी नव्हता. लंडनमध्ये फ्रेंच नियतकालिक काढणाऱ्या पेल्तिएने आपली बदनामी केली म्हणून त्याने इंग्रज सरकारवर दबाव आणला. १८०३ च्या फेब्रुवारीत खटला झाला, पेल्तिए दोषी ठरला, पण शिक्षा सुनावण्याआधीच दोन्ही देशांचं युद्ध जुंपलं. १८०५ साली मिलानहून त्याने आपला पोलीसमंत्री फूशेला लिहिलं की व्यंगचित्रं काढवून घ्या: हातात पैशाची थैली घेतलेला इंग्रज दारोदार फिरून राजांना ‘घ्या हो, घ्या’ म्हणून विनवतोय असं दाखवा. बादशहा स्वतः विषय सुचवतोय. या हत्याराची धार त्याला नेमकी ठाऊक होती.

आता १८१४ कडे येऊ. पॅरिस पडलं, एप्रिलमध्ये नेपोलियनने गादी सोडली, एल्बा नावाचं एक बेट त्याला देण्यात आलं. आणि लंडनच्या चित्रांत एक बदल दिसतो. जिंकत होता तोवर तो खुजा का होईना, माणूस होता. हरल्यावर त्याची वस्तू झाली. जॉर्ज क्रुकशँकच्या एका चित्रात तो भोवरा आहे, मित्रराष्ट्रांचे वीर चाबकाने त्याला फिरवतायत. दुसऱ्यात तो बॅडमिंटनचं फूल आहे, दोघे सेनापती बॅटने इकडून तिकडे टोलवतायत. तिसऱ्यात तो मेणबत्तीची ज्योत आहे आणि एक दाढीवाला रशियन कोसॅक भलामोठा चिमटा घेऊन ती विझवतोय. जर्मनीत तो अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला झाला, लाइपझिग नावाचा अक्रोड त्याच्या दातांना फुटत नाही.

क्रुकशँक तेव्हा २१ वर्षांचा होता. गिलरे कुठे होता? वरच्या मजल्यावरच होता, पण १८१० नंतर त्याचं डोकं फिरलं होतं, दृष्टीही अधू झाली होती. हम्फ्रीबाई त्याला सांभाळत होत्या आणि त्याचे अर्धवट पत्रे क्रुकशँक पुरे करत होता. गिलरे १ जून १८१५ ला गेला, वॉटर्लूच्या सतरा दिवस आधी. ज्याने बोनीला घडवलं त्याने हरलेला बोनी काढलाच नाही. त्याच्या १८०६ च्या एका चित्रात नेपोलियन भटारी आहे, भट्टीतून आलं घातलेल्या मिठाईचे ताजे ताजे राजे बाहेर काढतोय. २१ एप्रिल १८१४ च्या चित्रात क्रुकशँकने तोच धागा पुढे नेला: एल्बाच्या किनाऱ्यावर तोच भटारी मोडक्यातोडक्या मिठाईचं ताट डोक्यावर घेऊन गिऱ्हाईक शोधतोय. भट्टी गेली आणि नुसती पाटी उरली.

पुढच्याच महिन्यात, मेमध्ये, लंडनमध्ये आणखी एक चित्र निघालं: आधुनिक वीराची एल्बाला स्वारी. वीर गाढवावर उलटा बसला आहे, तोंड शेपटीकडे, हातात तीच शेपटी लगाम म्हणून, आणि तलवार मोडलेली. मराठी वाचकाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. गावाने कुणाला धडा शिकवायचा ठरवला की गाढवावर उलटं बसवून धिंड काढायची, ही शिक्षा आपल्याकडे होती तशी युरोपातही होती. राजांच्या दरबारांनी नेपोलियनला बेट आणि वर्षासन दिलं, छापखान्याने त्याची धिंड काढली.

अशी धिंड कागदावरच निघाली असंही नाही. एल्बाला जाताना दक्षिण फ्रान्समधल्या ओर्गों गावी २५ एप्रिलला लोकांनी त्याचा पुतळा फासावर लटकवला होता, गणवेश घातलेला आणि रक्ताने माखलेला. गाडीतला खरा नेपोलियन घाबरला. पुढचा प्रवास त्याने वेष बदलून केला, ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्याचा कोट चढवून.

पण या चित्रांतलं सगळ्यात घाणेरडं चित्र क्रुकशँकचंच, १२ मे १८१४ चं. हडकलेला नेपोलियन एका प्रचंड शौचपात्रावर बसला आहे, हेच त्याचं शाही सिंहासन. सैतान पिस्तूल पुढे करून म्हणतो, आता स्वतःला संपव. आणि हा म्हणतो, चालेल, पण आधी त्यातली गारगोटी काढून घे. गारगोटीशिवाय पिस्तूल उडत नाही, म्हणजे हा भित्रा. लंडनची माणसं पोट धरून हसली असतील. त्यांना ठाऊक नव्हतं की बरोबर एक महिना आधी, १२ एप्रिलच्या रात्री फाँतेनब्लोच्या राजवाड्यात नेपोलियनने खरंच विष घेतलं होतं. रशियाच्या मोहिमेपासून गळ्यात बाळगलेलं ते विष जुनं होऊन निकामी झालं, रात्रभर उलट्या झाल्या आणि तो वाचला. हे कळल्यावर ते चित्र मला पुन्हा पहिल्यासारखं बघता आलेलं नाही.

रशियातून येणारी चित्रं निराळ्या चवीची. तिथे शिल्पकार इव्हान तेरेबेन्येवने खेडूत जत्रेत विकत घेतात तसल्या चित्रांच्या धाटणीत नेपोलियनला काढलं. त्यात बादशहाला हरवणारे सेनापती नसतात, साधे दाढीवाले शेतकरी असतात. एक जण बासरी वाजवतो, दुसरा चाबूक दाखवतो आणि बादशहा नाचतो. तेरेबेन्येवने १८१४ साली मुलांसाठी बाराखडीच काढली, अक्षरागणिक एक व्यंगचित्र आणि खाली दोन ओळी. पोरं अक्षरं शिकता शिकता फ्रेंचांवर हसायला शिकली. लंडनकरांना ही चित्रं इतकी आवडली की क्रुकशँकने काहींच्या नकला करून आपल्याकडे छापल्या.

आणि खुद्द फ्रान्स? नेपोलियनची सेन्सॉरयंत्रणा कोसळताच पॅरिसच्या दुकानांतही राजनिष्ठांची चित्रं लटकली: कॉर्सिकाचा राक्षस, माणसं गिळणारा. पण पॅरिसमध्ये हसू एका बाजूचं राहिलं नाही. डिसेंबर १८१४ मध्ये सुरू झालेल्या ‘ल नँ जोन’ म्हणजे ‘पिवळा बुटका’ या पत्राने फ्रान्सच्या गादीवर परत आलेल्या जुन्या घराण्यातल्या राजाच्या बगलबच्च्यांसाठी खोटे मानसन्मान काढले. एक सन्मान मेणबत्ती विझवायच्या टोपीचा, म्हणजे ज्ञानाचा उजेड मालवणाऱ्यांचा. दुसरा वातकुक्कुटाचा, छपरावरच्या पत्र्याच्या कोंबड्याचा, जो वारा फिरेल तिकडे तोंड फिरवतो. १८१५ साली तर वातकुक्कुटांचा कोशच निघाला. बड्या लोकांची नावं वर्णक्रमाने, आणि ज्याने जितक्या वेळा निष्ठा बदलली तितके कोंबडे नावापुढे. उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्यांची अशी यादी आपल्याकडे कुणी काढायला हवी.

१ मार्च १८१५ ला नेपोलियन एल्बाहून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला आणि २० मार्चला पॅरिसमध्ये होता. चित्रांनी मेणबत्ती विझवली होती, भोवरा पाडला होता, सगळं खरं. तरी शिपाई त्याच्यामागे निघाले. त्या आधीच्या महिन्यांत त्याचे लोक एकमेकांना व्हायोलेटची जांभळी फुलं दाखवत. वसंतात फुलं येतील तेव्हा तोही येईल, अशी ती खूण. तो आल्यावर कानू नावाच्या कोरीवकाम करणाऱ्याने या फुलांच्या गुच्छाचं चित्र छापलं. नुसता गुच्छ. नीट बघितलं की पानांच्या आणि पाकळ्यांच्या कडांतून तीन चेहरे निघतात, नेपोलियन, त्याची राणी आणि त्याचं पोर. हेन्शेल बंधूंचं चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवून बघावं. एकात चेहऱ्यात प्रेतं आहेत, दुसऱ्यात फुलांत चेहरा, आणि दोघांची कारागिरी सारखीच.

वॉटर्लूला १८ जूनला त्याला वेलिंग्टनने आणि ब्ल्यूखरने हरवलं. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झुंजलेला आर्थर वेलस्ली. नेपोलियन त्याला हिणवायला ‘शिपायांचा सेनापती’ म्हणे, हिंदुस्थानी शिपायांचा या अर्थाने. १५ जुलैला नेपोलियन बेलेरोफॉन या इंग्रज जहाजावर चढला आणि जहाज प्लिमथला येऊन थांबलं.

मग जे घडलं ते व्यंगचित्रकारांच्या हिशेबात नव्हतं. बारा वर्षं ज्या लोकांनी खिडकीत बोनी बघितला होता, ते होड्या भाड्याने घेऊन खरा बोनी बघायला निघाले. शेकडो होड्या जहाजाभोवती गोळा व्हायच्या. जहाजावरचे खलाशी फळ्यावर खडूने लिहून दाखवायचे, आता न्याहारी करतोय, आता खोलीत आहे. संध्याकाळी तो कठड्याशी येऊन उभा राहिला की गर्दी शांत व्हायची आणि पुष्कळ पुरुष डोक्यावरच्या टोप्या काढायचे. शिंगं नव्हती, शेपूट नव्हतं. जरा सुटलेला, थकलेला, चाळिशी उलटलेला माणूस होता. गर्दीत प्लिमथचाच एक २१ वर्षांचा चित्रकार होता, चार्ल्स ईस्टलेक. त्याने होडीतून रेखाटनं केली आणि त्यांवरून मोठं तैलचित्र काढलं. त्याचे इतके पैसे आले की तो पुढे इटलीला शिकायला गेला. हाच ईस्टलेक लंडनच्या नॅशनल गॅलरीचा पहिला संचालक झाला. सरकारलाही ही गर्दी बरी वाटली नसावी. ऑगस्टच्या सुरुवातीलाच कैद्याला दुसऱ्या जहाजावर चढवून सेंट हेलेनाला रवाना केलं.

त्याच ऑगस्टमध्ये क्रुकशँकने शेपूट पुन्हा लावलं. चित्रात सेंट हेलेनाच्या खडकावर सैतान झालेला नेपोलियन उभा आहे आणि आकाशात सूर्य. त्याच्या तेजाने सैतानाचे डोळे दिपलेत. सूर्याच्या मधोमध इंग्लंडच्या युवराजाचा चेहरा.

हा युवराज आणि क्रुकशँक यांची जुनी ओळख होती. १८१२ साली याच क्रुकशँकने त्याला देवमासा करून काढलं होतं, लठ्ठ, बायकांत लोळणारा. मधली तीन वर्षं शत्रू बाहेर होता म्हणून देवमाशाचा सूर्य झाला. शत्रू बेटावर गेला आणि बोनी काढायचं काम उरलं नाही. ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टरला सभेसाठी जमलेल्या नि:शस्त्र माणसांवर घोडेस्वार घातले गेले, आणि क्रुकशँकची सुई पुन्हा आपल्याच राज्यकर्त्यांकडे वळली. कंबरेचा घेर, मिशा, विग, ठेवलेल्या बाया, काही सुटलं नाही.

१८२० साली युवराज राजा झाला. त्याच वर्षी क्रुकशँकला दरबाराकडून १०० पौंड देण्यात आले. महाराजांना कुठल्याही अनैतिक प्रसंगात काढणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं.